जखमेत तालमीची माती

जेवताना जबडा पुरता उघडेनासा झाला, तर आधी दाताच्या डॉक्टरकडे धावू नका. गेल्या पंधरा-वीस दिवसांत कुठं खरचटलं, काय टोचलं आणि त्यावर कुणी काय चोपडलं, ते आठवा. मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो आणि त्यात माझे दोन दिवस फुकट गेले. त्यानं अक्कलदाढ येतेय म्हणून सांगितलं. तिशी उलटून गेल्यावर मला अक्कल फुटतेय, याचं घरात सगळ्यांनाच कौतुक वाटलं.

मला झाला होता धनुर्वात. त्यातून वाचलेले लोक फार बोलत नाहीत, असं मी पाहिलंय. मलाही बोलायचं नव्हतं. का बोलतोय ते शेवटी येईलच.

डोंबिवलीची कुस्ती

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होतो, राहायला खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या चाळीत. घरात बायको शालन आणि चार वर्षांची पिंकी. आमचं मूळ गाव माणदेशात, त्यामुळे कुस्ती अंगात होतीच. ड्युटी सुटली की मी कळव्याच्या तालमीत जायचो. तिथं माझा जोडीदार होता बामा, खाडीकाठच्या कोळ्याचा पोरगा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, वजनाला दहा किलो जास्त. लहानपणी होडीचं वल्हं लागून त्याचं नाक मोडलं होतं. दम लागला की श्वास घेताना त्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजायची. डोळे बांधून दहा पैलवानांत उभा केला असता तरी मी बामाला ओळखला असता.

त्या काळात गल्लोगल्ली व्हिडिओ पार्लरं निघाली होती. त्यांत परदेशातल्या कुस्त्यांच्या कॅसेटी लागायच्या: खुर्च्या डोक्यात घाल, साखळीनं मार, काटेरी तारेवर आपट. असाच एक पार्लरवाला आमच्या वस्तादांकडे आला. डोंबिवलीत मैदानावर हे सगळं जिवंत दाखवू म्हणाला. वस्ताद म्हणजे जुना खट माणूस. पहिल्यांदा त्यांनी त्याला चहासुद्धा दिला नाही. पण तालमीचं छप्पर त्या पावसाळ्यात बसलं होतं आणि पार्लरवाला नवे पत्रे घालून देणार होता. वस्तादांनी होकार दिला. आम्ही दोघं तर एका पायावर तयार होतो.

माझं नाव ठेवलं 'हसरा सैतान'. एका पेंटरकडून काळ्या कापडाचा मुखवटा करून घेतला होता, कानापासून कानापर्यंत पांढरे दात काढलेला. बामा झाला 'खाडीचा वाघ'. कोण जिंकणार ते ठरलेलं होतं. कोणी कुठं पडायचं तेही ठरलेलं. कवटाळून धरलं की एकमेकांच्या कानात पुढचं सांगायचं. मला दम लागला की बामा कानाशी कुजबुजायचा, "दम खा, सदा." मग आम्ही तसेच गुरगुरत, हलत राहायचो आणि लोकांना वाटायचं, आता हा त्याचा गळा दाबून मारतो.

मैदान गच्च भरलं होतं. ट्यूबलाइट पाठीवर फोडल्या, त्या ठरल्याप्रमाणे फुटल्या. तार मात्र ठरल्याप्रमाणे वागली नाही. रिंगणाच्या दोराला गुंडाळलेली ती गंजकी काटेरी तार सुटली आणि आम्ही दोघंही तिच्यात गेलो. माझं कपाळ मुखवट्यासकट फाटलं, बामाचा खांदा. रक्त बघून लोक उभे राहून ओरडायला लागले. बायका, म्हातारे, सगळे. मुखवट्याच्या भोकांतून मला ते तोंड उघडलेले चेहरे दिसत होते आणि त्या क्षणी मी त्यांना घाबरलो. आम्ही तिथंच मेलो असतो तरी ते टाळ्या वाजवत राहिले असते, असं मला वाटलं. आजही वाटतं.

कुस्ती संपल्यावर वस्तादांनी कमरेची पुरचुंडी सोडली. तिच्यात आमच्या आखाड्याची लाल माती होती, ताक, तेल, हळद घालून मळलेली. बाहेर कुठंही कुस्तीला गेलं तरी वस्ताद ती बरोबर नेत. आमच्यात पैलवानाला लागलं की डॉक्टर नाही, ही माती. माझ्या आज्यापासून चालत आलेलं. वस्तादांनी मारुतीचं नाव घेऊन माझ्या कपाळावर चिमूट दाबली, मग बामाच्या खांद्यात बोटानं आतपर्यंत भरली. रक्त थांबलं. त्या साली आखाड्यात नवी माती घातली होती आणि टाकण्याआधी तिचा ढीग महिनाभर म्हशींच्या गोठ्याला लागून पडला होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याचा कुणी विचार केला नाही. तालमीत आली की माती पवित्र झाली.

चमचा

आठव्या दिवशी कारखान्यात डबा खाताना घास आत जाईना. मग ती अक्कलदाढ. दहाव्या दिवशी मान ताठली. अकराव्या दिवशी सकाळी मी अंथरुणात उठून बसलो तर पिंकी माझ्याकडे बघत दारापर्यंत मागे सरकली.

"पप्पा, ते काढ ना," ती म्हणाली.

मला कळेना. मुखवटा तिनं बघितला होता, पण तो तर पार्लरवाल्याकडे होता. मी आरशात बघितलं. माझे ओठ कानांकडे ओढले गेले होते आणि सगळे दात दिसत होते. मी हसत नव्हतो. हसू मिटवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. शालननं आरसा माझ्या हातातून काढून घेतला आणि पालथा ठेवला.

खोपटच्या आमच्या डॉक्टरांनी फार काही विचारलं नाही. एक सपाट चमचा माझ्या दातांच्या फटीतून आत सारला आणि घशाला टेकवला. माझे दात असे मिटले की चमचा अडकला. तो मला सोडता येईना आणि त्यांना ओढता येईना. शालन आधी हसली, मग डॉक्टरांचा चेहरा बघून गप्प झाली. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. त्याच वेळी डेपोतून बाहेर पडणाऱ्या गाडीनं हॉर्न दिला आणि माझं अंग पहिल्यांदा धनुष्यासारखं वाकलं. डोकं आणि टाचा खाली, बाकीचा मी वर. ते दुखणं मी लिहू शकत नाही. एवढंच सांगतो की त्यात शुद्ध जात नाही. पूर्ण वेळ आपण तिथंच असतो.

अंधाराचा वॉर्ड

मोठ्या सरकारी इस्पितळात एका टोकाला आमची खोली होती. खिडक्यांवर जाड काळी कापडं. दाराला तेल पाजलेलं, कर्रकन वाजू नये म्हणून. नर्स कापडी चपला घालायच्या आणि ओठांतल्या ओठांत बोलायच्या. उजेड, आवाज, स्पर्श, कशानंही झटका यायचा. बशी पडली तरी झटका, कुणी पायाला हात लावला तरी झटका. दिवस-रात्र सारखेच. नाकात नळी, हाताला सुई आणि डोळ्यांसमोर ते डोंबिवलीचं मैदान. औषधांच्या गुंगीत मला ती गर्दी भिंतीला लागून उभी दिसायची. आता ती ओरडत नव्हती. नुसती तोंडं उघडून वाट बघत होती.

अशा खोलीत माणूस फक्त कानांनी जगतो. म्हणून दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं. वस्ताद आले होते. डॉक्टरांनी त्यांना हळू आवाजात विचारलं, जखमेला काय लावलं होतं?

"काही नाही," वस्ताद म्हणाले. "पाण्यानं धुतली."

 डॉक्टरांनी माझ्या कपाळाची खपली काढली. कापसावर काय आलं ते मला दिसलं नाही, पण शालनचा श्वास अडकलेला ऐकू आला. डॉक्टर तिला म्हणाले, ही माती आहे, हे दुखणं हिच्यातूनच आलंय. वस्ताद तोवर बाहेर गेले होते. पोलीस केस होईल, तालीम बंद पडेल, या भीतीनं ते खोटं बोलले. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला दुसरंच सुचलं. तीच माती बामाच्या खांद्यात होती. माझ्यापेक्षा खोल. आणि डॉक्टरांना हे सांगू शकणारी माणसं इथं दोनच: एक खोटं बोलून निघून गेला होता आणि दुसऱ्याचं तोंड उघडत नव्हतं.

तळहात

मी हुं हुं केलं. शालन वाकली. ओठ मिटत नव्हते, शब्द होईना. तिनं आपला हात माझ्या बोटांखाली ठेवला. मी तिच्या तळहातावर लिहिलं: बामा. ती म्हणाली, हो हो, बामाभाऊ. मी पुढचं लिहायला घेतलं, मातीचा 'मा' अर्धा झाला असेल, आणि झटका आला. त्या झटक्यात मी तिची दोन बोटं पिरगाळली. नर्सनं तिला बाहेर काढलं आणि दोन दिवस आत सोडलं नाही.

शालननं तिच्या परीनं बरोबरच अर्थ लावला. नवरा मरायला टेकलाय, त्याला मित्राला भेटायचंय. तिचा भाऊ डेपोत कंडक्टर होता, त्याच्याकडून तिनं कळव्याला निरोप धाडला. बामा त्या दिवशी ठणठणीत होता, जाळं घेऊन खाडीतून नुकताच आला होता. त्यानं उलट निरोप दिला, "रविवारी येतंव म्हून सांग त्याला."

शुक्रवारी शालननं मला बरं वाटावं म्हणून हे चार हात लांबून हळूच सांगितलं. मी रडलो. तिला वाटलं, आनंदानं. मी तिचा हात शोधत होतो, पण तिची बोटं बांधलेली होती आणि नर्सनं तिला अंथरुणाजवळ बसू दिलं नाही. रोग्याच्या माणसांना एक सांगतो. त्याला बोलता येत नसेल, तर आपल्याला कळलं असं समजून लगेच उठू नका. पुन्हा विचारा. तिसऱ्यांदा विचारा. शालनला मी कधीच बोल लावला नाही, पण तिनं स्वतःला लावला आणि अजून लावते.

रविवार

रविवारी सकाळी नर्स नळीतून पेज देऊन गेली. त्यानंतर थोड्या वेळानं माझ्या डावीकडून शिट्टी ऐकू आली.

बारीक. श्वास आत घेताना वाजणारी.

डावीकडच्या खाटेवर बामाला आणून ठेवलंय, हे मला लगेच कळलं. मला कुणी सांगितलं नाही याचा राग आला. आणि मग, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. चला, आला एकदाचा डॉक्टरांच्या हातात. मान वळवता येत नव्हती, म्हणून मी ऐकत राहिलो. श्वास जोरजोरात चालला होता, अवघड पकडीत सापडल्यावर त्याचा चालायचा तसा. मग तो जवळ आला. दोन खाटांच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा होती, पण पावलांचा आवाज झाला नाही. माझ्या कानाच्या पाळीला ऊब लागली.

"दम खा, सदा," तो म्हणाला.

मला झटका यायला हवा होता. नुसत्या कुजबुजीनंही कधी कधी यायचा, मग कानाशी बोलल्यावर तर यायलाच हवा. आला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझी पाठ गादीला टेकली. शिट्टी आणखी दोनदा वाजली. तिसऱ्यांदा अर्धीच वाजली.

मी खूप वेळ वाट बघितली. नंतर नर्स आली, तिनं माझी नाडी धरली आणि कुजबुजून म्हणाली, "आज बरे आहात की."

त्या दिवसापासून माझे झटके कमी होत गेले.

डावीकडची खाट

तीन आठवड्यांनी खिडकीवरचं काळं कापड बोटभर बाजूला केलं आणि मला खोली दिसली. डावीकडे लोखंडी खाट होती. तिच्यावर गादी नव्हती. मी आलो त्याच्या आदल्या दिवशी तिच्यावरचा माणूस गेला होता, गादी जाळली होती आणि नवी अजून आली नव्हती. नर्सनं हे साधेपणानं सांगितलं. तिथं कुणालाच ठेवलं नव्हतं.

बामाचं मला शालननं घरी आणल्यावर सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा जबडा धरला. त्याची आई वस्तादांकडे गेली. वस्ताद म्हणाले, शीर आखडलीय, आणि स्वतः तेल घेऊन त्याच्या घरी बसले. शनिवार सगळा त्याला चोळला. ज्या अंगाला बोट लावायचं नसतं, ते त्यांनी दिवसभर रगडलं. रविवारी सकाळी त्याच्या आईनं कुणाचं न ऐकता टेम्पो आणला. माझ्याच इस्पितळात आणत होते त्याला. कळव्याच्या पुलावर त्याचा श्वास कोंडला.

डॉक्टरांना मी त्या कुजबुजीबद्दल विचारलं. गुंगीच्या औषधांनी भास होतात म्हणाले. असेलही. पण बामाला काय झालं हे त्या वेळी मला माहीत नव्हतं आणि मला त्यातलं काही आपणहून सुचलं असेल असं वाटत नाही. या गोष्टीचा मी अर्थ लावत नाही. रविवारी येतो म्हणाला होता, एवढंच मला ठाऊक आहे.

कळवा

दीड महिन्यानं काठी टेकत कळव्याला गेलो. बामाची आई अंगणात कोळंबी निवडत बसली होती. मी तिला मावशी म्हणायचो. सांगू की नको, यावर मी रिक्षात बसल्यापासून विचार करत होतो. नजर लागली म्हणून पोरगा गेला असं तिला वाटत होतं, आणि नजरेला कुणाचं नाव नसतं. मातीला होतं. शिवाय त्यात माझंही नाव येणार होतं. बामाचा जबडा धरायच्या दोन दिवस आधी मला कळलं होतं आणि मी काही करू शकलो नव्हतो.

मी सगळं सांगितलं. माती, वस्तादांचं खोटं, तळहातावरची अक्षरं. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी मी म्हणालो, मावशी, माझं तोंडच उघडत नव्हतं.

तिनं कोळंबीचे हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले आणि माझी हनुवटी धरली.

"उघर," ती म्हणाली.

मी उघडलं. तेव्हा जेमतेम दोन बोटं उघडायचं. ती आत बघत राहिली, आजारी पोराचा घसा बघावा तशी.

"आता उघरतंय ना?" ती म्हणाली. "मंग सांग सगल्यांना."

शनिवार

शनिवारी तालमीत मारुतीला नारळ फुटतो, तेव्हा सगळी पोरं असतात. मी वस्तादांच्या समोरच उभा राहिलो आणि मावशीला सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं.  ज्या माणसानं मला लंगोट बांधायला शिकवला, त्याला मी पोरांदेखत खुनी ठरवत होतो आणि मला त्याची लाज वाटत होती. न सांगण्याची लाज त्याहून मोठी होती म्हणून बोलत राहिलो. एक-दोन पोरं चिडली. तालमीच्या मातीनं कधी कुणी मेलंय का, असं विचारायला लागली. सगळे वस्तादांकडे बघू लागले.

ते आखाड्याच्या कडेला बसले होते. मातीकडे बघत होते.

"धुतली नव्हती," ते म्हणाले. "मीच माती भरली. दोघांच्या."

चिडलेली पोरं त्या नव्या पत्र्यांखाली एकेक करून बसली. मग मागून कुणीतरी विचारलं, मग आता लागलं तर काय लावायचं? आजवर हा प्रश्न वस्तादांनाच विचारला जायचा. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

साबण आणि भरपूर पाणी, मी सांगितलं, आणि त्याच दिवशी दवाखाना. जखम नसली तरी इंजेक्शनं आधीच घेऊन ठेवायची. एकदा धनुर्वात होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, म्हणून मलासुद्धा घ्यायचीत.

मी त्यांना माफ केलं का, असं शालन कधी कधी विचारते. निम्मं केलं. उरलेलं माझ्याच्यानं होत नाही, आणि ते माझ्या हातात नाहीच, ते मावशीच्या हातात आहे.

सोमवारी महापालिकेच्या दवाखान्यात आमची रांग लागली, सतरा पैलवान आणि काठी टेकणारा मी. वस्ताद सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसले होते. नर्सनं नाव विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मीच सांगितलं. त्यांनी दंडावरची बाही वर केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.